ऐन वेळचा चहा

तांत्रिक म्हणता येईल असं माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम पुसायचं होतं. फडक्याने नव्हे, पॉलिश पेपरने. बाबांचं मंगरूळपीरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. अकोल्याहून ते ट्रान्झिस्टर, म्हणजे रेडिओच्या आत बसवायचे तीन पायांचे चिमुकले भाग, आणि बाकीचं सामान आणत, आणि आल्या आल्या ती पुडी माझ्या पुढ्यात ठेवत. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या अंगावर बारीक आकडे-अक्षरं छापलेली असत. ती दिसेनाशी होईपर्यंत घासायची, एवढंच माझं काम. पायरीवर बसून मी ते करायची. नखांत करडी पूड भरायची आणि मग जेवताना माय हात पुन्हा धुवायला लावायची. आकडा गेला की तो भाग कोणता हे दुसऱ्या मिस्त्रीला कळायला मार्ग राहत नसे. आमच्याकडे दुरुस्त झालेला रेडिओ बिघडला तर आमच्याकडेच परत यावा, अशी ती व्यवस्था होती. मायला तिचं फार हसू यायचं. "लोकं भांड्यावर नावं टाकून घेतात, आन् आमच्या घरी असलेली नावं घासतात," असं ती आल्यागेल्याला सांगायची. बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करत.

घरात शांतता अशी नसेच. पुढच्या खोलीत दोन-तीन रेडिओ एकाच वेळी लागलेले असत, एकावर बाजारभाव, दुसऱ्यावर गाणं, तिसऱ्यावर नुसती खरखर, आणि मागच्या खोलीत मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. राळ आणि कथील वितळल्याचा वास आणि लसणाच्या फोडणीचा वास मधल्या उंबऱ्यावर एकमेकांत मिसळत. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायचं काम निघे. मग गिऱ्हाईकही बसल्या बसल्या शेंगा सोलू लागे आणि रेडिओ तयार होईपर्यंत आमचं भाजीचं टोपलं तयार होई. मेडशीकडून, कारंजाकडून माणसं एसटीने येत. रेडिओ धोतरात किंवा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलेला असे. आजारी लेकरू दवाखान्यात आणावं तसा तो बाबांच्या पुढ्यात ठेवत आणि काय काय होतं ते सांगू लागत. बाबांना सगळे मिस्त्री म्हणत. ते फार कमी बोलत. रेडिओ उघडला की ते गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसत आणि ऐन वेळी, म्हणजे खरा दोष सापडला की, मान न वळवता म्हणत, "जरा चहा सांगून या बरं."

हा चहा बाबांना त्यांच्या उस्तादाकडून मिळालेला होता. तरुणपणी बाबा रोज एसटीने कारंजाला जात आणि तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादाच्या दुकानात झाडलोट करत. उस्तादांनी त्यांना तारा सोलायला शिकवलं, पेट्या पुसायला शिकवलं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायला शिकवलं. पण रेडिओत हात घालायची वेळ आली की म्हणायचे, "जा बेटा, चाय लेके आ." बाबा जाऊन येईपर्यंत रेडिओ गात असायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी बाबांनी चहावाल्याशी दोस्ती केली, केटली आधीच भरून ठेवायला सांगितली, आणि धावत जाऊन धावत परत येऊ लागले. जे काही शिकले ते त्या वाचवलेल्या वेळात, उस्तादाच्या खांद्यावरून. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे, उलट थोडा अभिमानच असे. विद्या अशीच मिळते, ती कोणी देत नसतं, असं त्यांचं मत होतं. स्वतःच्या दुकानात त्यांनी तीच रीत जशीच्या तशी उतरवली. फक्त आमच्याकडे झाडलोट करणारा कोणी नव्हता, त्यामुळे चहाला गिऱ्हाईक जाई, नाहीतर मी.

मी धावत जायची नि धावत यायची, पण बाबा मुळात तेच करून मोठे झालेले. मी परत यायच्या आत त्यांचं उरकलेलं असे. मला ते काम यायला हवं होतं. हौस वगैरे नव्हे, हवंच होतं. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ट्रान्झिस्टरची एक आकृती होती, बाण काढलेली. गुरुजी ती फळ्यावर काढून पुसून टाकत. आकृतीतल्या त्या बाणाचं आणि माझ्या नखांतल्या पुडीचं काय नातं आहे हे सांगणारा अख्ख्या गावात एकच माणूस होता, आणि तो मला चहाला पाठवत होता. एकदा मी जेवताना सरळ विचारलं. बाबा भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "तुले शिकवून काय करू वं? तू जाशीन परक्या घरी, विद्या घेऊन जाशीन संगं." मला भाऊ नव्हता. मी म्हटलं, "मंग कोणाले शिकवसान?" त्यावर ते म्हणाले, "कोणालेच नाई. उस्तादानं तरी कोणाले शिकोलं?" ते हे रागाने बोलले नव्हते. आज पाऊस नाही, असं सांगावं तसं सांगितलं होतं. मी मात्र त्या रात्री भाकरी तशीच ठेवून उठले, हे अजून लक्षात आहे.

पुढे आयुष्यभर मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. माझे बरेचसे तास आता रेकॉर्ड करून ठेवलेले आहेत, कोणीही कुठूनही पाहावेत, त्याला कुलूप नाही. कॉलेजात तो विषय निघाला तेव्हा आमच्यातल्या एका विद्वान गृहस्थांनी आपले तास रेकॉर्ड करू द्यायला साफ नकार दिला होता. ते वर्गातही एखादं गणित अर्ध्यावर आणून "उरलेलं तुम्ही करा" म्हणत आणि ते उरलेलं स्वतःच्या शिकवणीत करून देत. मुलं चिडायची. मी चिडले नाही. मला ती केटली ओळखीची होती. आता तर मुलं फोनमधल्या यंत्रालाच विचारतात आणि ते यंत्र कोणालाही चहाला पाठवत नाही, जे येतं ते सांगतं, येत नाही तेही ठोकून देतं. मला त्याचं वावडं नाही. एवढंच वाटतं की त्या यंत्राचं सांगण्यात काही जात नाही. बाबांचं जात होतं. ज्याचं जाणार आहे तो सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याचे कान वेगळे होतात, असा माझा अनुभव आहे. तो सिद्ध करता येणार नाही.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तो त्यांनी बरेच दिवस लपवला. कथलाचा थेंब भलतीकडे पडू लागला तेव्हा मायने त्यांना दटावून डोळ्यांच्या शिबिरात नेलं. त्या काळी ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत आणि घरी आल्यावरही मान हलवू देत नसत. बाबा मधल्या खोलीत खाटेवर उताणे पडून राहिले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा. चावायचं काही द्यायचं नाही, म्हणून माय ज्वारीच्या कण्या शिजवून ताकात कालवून चमच्याने भरवायची. दुकान बंद. सगळे रेडिओ गप्प. इतकी वर्षं ज्या गोंगाटाला कंटाळलो होतो तो गेल्यावर घर भकास वाटू लागलं. बाबा रस्त्यावरच्या आवाजांवरून कोण चाललंय ते ओळखायचा प्रयत्न करत आणि बहुतेक वेळा चुकत.

अशात एका सकाळी रशीदभाई आले. त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, सप्ताह असो, उरूस असो, गावात मोठा आवाज हवा असला की रशीदभाईच. त्यांचं ॲम्प्लिफायर, ज्याला सगळे नुसतं मशीन म्हणत, बाबांनी स्वतः जुळवून दिलेलं होतं. दर्ग्यावर उरूस होता आणि संध्याकाळी कव्वाली. रशीदभाईंनी मशीन खाटेजवळ जमिनीवर ठेवलं आणि म्हणाले, "मिस्त्री, मशीन बसली. आवाजच नाई. आज संध्याकाळचा प्रोग्राम हाय, लोकं बाहेरगावून येऊन राह्यले. माही इज्जत तुमच्या हातात हाय." बाबांनी खाटेच्या कडेवरून हात खाली सोडून मशीन चाचपलं. त्यांचं मशीन, त्यांचं नाव. ते ऐन उरुसात मुकं राहिलं असतं तर गावभर झालं असतं की मिस्त्रीचे डोळे गेले आणि मशीनही गेली.

माझी घासाघीस इथे आडवी आली. बाबांच्या सांगण्यावरून मी मशीनचं झाकण काढलं. आतला एक लहान ट्रान्झिस्टर तडकून काळा पडला होता. बाबांनी विचारलं, "नंबर काय हाय?" नंबर कुठून असणार? तो मीच घासलेला. बरं, तेव्हा अकोल्यात जो मिळाला तो बसवलेला, त्यामुळे त्यांच्याही ध्यानात नव्हता. "डब्बा आण," म्हणाले. सामानाचा डबा आणला. त्यातले सगळेच ट्रान्झिस्टर बेनाव. बाबा ते डब्यातल्या जागेवरून आणि नुसत्या नजरेने ओळखत. मोतीबिंदूच्या दिवसांत चाचपता चाचपता ते सगळे कालवले गेले होते. दुसऱ्यांच्या डोळ्यांत धूळ टाकण्यासाठी केलेली ती सोय, आणि अख्ख्या गावात तिच्यात पुरते अडकले ते बाबाच. मायला हसू आलं असावं, कारण तिने पदर तोंडाला लावला होता.

रशीदभाईंनी भीत भीत सुचवलं, "स्टँडवरच्या वसंताले बोलावू का? तुमी तोंडानं सांगजा, थो हातानं करीन." वसंता म्हणजे गावातला दुसरा मिस्त्री. नवा, हुशार, आणि बाबांनी बसवलेला भाग पाहिल्यावर हताश होऊन गिऱ्हाइकाला परत पाठवणारा. बाबांचा हात पुन्हा खाली मशीनवर गेला. पट्टीमुळे चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. मी मशीनजवळ उकिडवी बसले होते. मला माहीत होतं की आता वसंता येईल, बाबा त्याला सगळं सांगतील, आणि मी चहा आणेन. मग बाबा म्हणाले, "रशीदभाई, जरा चहा सांगून या बरं." रशीदभाईंना ही रीत माहीत होती, ते निमूट उठले. मीही सवयीने उठले. बाबांनी हवेत हात केला आणि म्हणाले, "तू कुठी चालली? बस इथी."

मी बसले. आनंदाच्या भरात मशीन आणखी जवळ ओढलं. मायने दारातून विचारलं, "काहून? वसंताले काहून नाई बोलावत?" बाबा म्हणाले, "वसंताले सांगतलं तं थो इथीच राह्यते, माह्या उरावर. हे तं जाणारच हाय. हिच्यासंगं गेलं तं गावाबाहीर गेलं, आपलं काय बिघडते?" माझ्याविषयीचं त्यांचं मत तसूभर बदललं नव्हतं. ज्या कारणाने मला शिकवायचं नव्हतं, नेमक्या त्याच कारणाने आता शिकवायचं ठरलं होतं. पुष्कळ वर्षं मला वाटायचं की हे आठवून वाईट वाटायला हवं. वाटत नाही. मला विद्या हवी होती, आणि ती कोणत्या दाराने येते हे बघत बसायला मला सवड नव्हती.

बाबांना शिकवता येत नव्हतं. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते. "थे हे कर, मंग थे होते," अशी त्यांची वाक्यं असायची आणि थे म्हणजे काय ते त्यांच्या बोटांना माहीत, बोटं तर छातीवर. मी विचारायची, "थे म्हणजे कोणतं?" ते चिडायचे, मग थांबायचे, मग त्या वस्तूसाठी शब्द शोधायचे. हळूहळू त्यांना ते जमू लागलं. "मीटर घे. लाल वायर मधल्या पायाले लाव. काळी एकदा इकडच्याले, एकदा तिकडच्याले. काटा हालला?" हालला म्हटलं. "दोनीकडे?" दोन्हीकडे. "आता काळी मधी लाव, लाल इकडेतिकडे." काटा जागचा हलला नाही. "मंग थो एका जातीचा झाला. उलटं झालं तं दुसऱ्या जातीचा. मशीनमंधी त्याचा जोडीदार हाय, त्याले मीटर लावून पाह्य, थो कोणत्या जातीचा हाय." अशा रीतीने आम्ही डब्यातला एकेक बेनाव भाग हातात घेऊन त्यालाच विचारू लागलो की तू कोण. विज्ञानाच्या पुस्तकातला तो बाण म्हणजे हे, हे मला त्या खाटेशेजारी जमिनीवर बसून समजलं. मी ते बोलून दाखवलं तर बाबांना तो बाण माहीतच नव्हता. "काढून दाखव," म्हणाले, आणि मग आठवून खिन्न हसले. मी त्यांच्या तळहातावर बोटाने काढला.

रशीदभाई चहा घेऊन आले, त्यांना भजे आणायला पाठवलं. ते भजे घेऊन आले, त्यांना उरुसातली मांडणी बघून यायला सांगितलं. तोवर मी मिळताजुळता भाग शोधून कथलाचा डाग देऊन बसवला. डाग वेडावाकडा पडला, पुन्हा काढून पुन्हा दिला. या उसाभरीत जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, एक तार सुटली. मशीनच्या लोखंडी अंगाला दोन ठिकाणी तारा जोडलेल्या होत्या, त्यातली एक. मी ती जोडायची विसरले आणि मशीन सुरू केलं. मायकात फुंकलं तर खोलीभर आवाज झाला. रशीदभाईंनी दारातूनच "या अल्ला" म्हटलं. पण मला दुसरंच काही जाणवलं. बाबांच्या प्रत्येक मशीनमध्ये मागे एक बारीक गुणगुण असायची, भुंगा अडकल्यासारखी. सगळे ती मशीनची सवयच समजत. ती गुणगुण नव्हती. मी सुटलेली तार टेकवली, भुंगा परत आला. दूर केली, गेला. दुसऱ्या तारेने काम होतंच होतं. मी काही बोलले नाही, सुटलेलं टोक दुमडून ठेवलं आणि झाकण लावलं. रशीदभाईंनी मशीन उचलताना विचारलं, "कोणं केली?" बाबा म्हणाले, "मी." त्यांचंही बरोबर होतं, एका अर्थी.

दिवेलागणीला कव्वाली सुरू झाली. दर्ग्याकडून आवाज आमच्या घरापर्यंत स्वच्छ येत होता. माय अंगणात शेंगा सोलत बसली होती. शेजारच्या दोघी-तिघी मदतीला आल्या होत्या आणि आमच्या मधल्या खोलीचं दार, नेहमीप्रमाणे, अंगणाकडे सताड उघडं होतं. मी बाबांना कण्या भरवत होते. त्यांनी एक घास घेतला आणि दुसऱ्याला तोंड उघडलं नाही. ऐकत राहिले. मला वाटलं, कव्वाली ऐकताहेत. मग टाळ्या थांबून गवई श्वास घ्यायला थांबला, तेवढ्या फटीत ते म्हणाले, "भुंगा कुठी गेला?"

मी चमचा वाटीत ठेवला. "काय केलं तू?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. थोडी भीती होती, आणि भूक. ज्यांनी उस्तादाच्या खांद्यावरून एकेक कण वेचून विद्या जमवली त्यांना जन्मभर तो भुंगा मारता आला नव्हता, आणि तो कसा मेला हे आता त्यांना मलाच विचारायला लागत होतं. मला एकाएकी त्यांची फार माया आली. चहा आणून देते, असं गमतीने म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते मी म्हटलं नाही.

"सांगते," मी म्हटलं.

"थांब," बाबा म्हणाले. "कोणी हाय का तथी? आधी दार लोटून घे, मंग सांग."

मी उठून दारापर्यंत गेले. अंगणातल्या बायका मान वर करून माझ्याकडे पाहू लागल्या. मी कडी वाजवली, दार होतं तसंच उघडं ठेवलं, परत येऊन त्यांच्या उशाशी बसले आणि सांगायला सुरुवात केली, जरा मोठ्यानेच.